आज्ञावलीचे पाठ आणि कविशिक्षेची कसोटी

१

संगणकासाठी आज्ञावली रचावयास शिकविणारे जे ऑनलाइन अभ्यासक्रम गेल्या पंचवीस वर्षांत निर्माण झाले, त्यांचा विचार शिक्षणशास्त्राने केला, उद्योगसंस्थांनी केला. वाङ्मयसमीक्षेने मात्र तो आपला विषय मानलेला नाही. याचे कारण उघड आहे. हे पाठ उपयोगासाठी रचलेले असतात, आणि उपयोगी गद्याकडे पाहण्याची आपली दृष्टी काहीशी उपेक्षेची आहे. वस्तुतः असा प्रत्येक पाठ ही एक भाषिक रचना असते. तीत बोलणारा असतो, ऐकणारा गृहीत धरलेला असतो. काय आधी सांगावे, काय मागून सांगावे आणि काय मुळीच सांगू नये याविषयीचे निर्णय असतात. या निर्णयांचे परिणाम कोणाच्या तरी उपजीविकेपर्यंत पोहोचतात. महाविद्यालयाबाहेरच्या शिकवणीसाठी ज्याच्याजवळ पैसा नाही, त्या विद्यार्थ्याच्या हाती हाच पाठ असतो. आणि पाठ संपल्यावर कोऱ्या पडद्यासमोर त्याला काही सुचते की नाही, यावर त्याचे पुढचे बरेच काही अवलंबून असते.

अशा गद्याचे मूल्यमापन आज दोन प्रकारे होते. एक, शिकणाऱ्यांनी दिलेल्या तारकांवरून. दुसरे, किती जणांनी अभ्यासक्रम पुरा केला या आकड्यांवरून. पहिल्या प्रकारात पाठ सुखकर वाटला की नाही, एवढेच कळते. दुसऱ्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सेबास्टियन थ्रन व पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम जगाला खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदविली आणि सुमारे २३,००० जणांनी तो पुरा केला. हार्वर्ड व एमआयटी यांनी आपल्या पहिल्या सतरा खुल्या अभ्यासक्रमांचा जो अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात नोंदणी ८,४१,६८७ आणि प्रमाणपत्रे ४३,१९६ होती. म्हणजे शंभरात सुमारे पाच. या आकड्यांवरून सारा उपक्रमच निष्फळ ठरविण्याचा मोह अनेकांना झाला. परंतु अशी नोंदणी ग्रंथालयातले पुस्तक चाळून पाहण्यासारखी असते. चाळणारा प्रत्येक जण ते शेवटपर्यंत वाचण्याचे वचन देत नाही. शिवाय ज्या पाच जणांनी अभ्यासक्रम पुरा केला, त्यांना स्वतःच्या बळावर काय करता येऊ लागले, याचे उत्तर या आकड्यांत नाही. ते पाठाच्या रचनेत शोधावे लागते, आणि तेथे समीक्षेचे काम सुरू होते.

२

कौशल्य शिकविणाऱ्या वाङ्मयाचा विचार आपल्या परंपरेला अपरिचित नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात कविशिक्षा म्हणून ओळखला जाणारा एक स्वतंत्र ग्रंथवर्गच आहे. राजशेखराची काव्यमीमांसा आणि अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याचे कविकंठाभरण हे त्यातील प्रमुख ग्रंथ. रसचर्चेच्या तुलनेने या ग्रंथांना गौण मानण्याचा प्रघात पडला असला, तरी कौशल्य एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसे जाते, याचा त्यांनी केलेला विचार प्रस्तुत विषयाला फार जवळचा आहे.

मम्मटाने काव्याच्या कारणांत शक्ती व निपुणता यांच्या बरोबरीने अभ्यासाला स्थान दिले. पण नुसत्या अभ्यासाला नव्हे, तर काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणुकीनुसार केलेल्या अभ्यासाला. क्षेमेंद्राने याच अभ्यासाच्या पायऱ्या सांगितल्या. वाक्यार्थाची चिंता न करता केवळ वृत्तात शब्द बसविणे, जुन्या श्लोकातील पदे पालटून पाहणे, अपुरा श्लोक पुरा करणे, अशा क्रमाने शिष्याने पुढे जावयाचे. दुसऱ्याच्या रचनेवर कवी किती अवलंबून आहे, याचीही त्याने प्रतवारी लावली आहे. केवळ छाया घेणारा तो छायोपजीवी, पदे घेणारा पदकोपजीवी, चरण घेणारा पादोपजीवी आणि सगळीच रचना उचलणारा सकलोपजीवी. या सर्वांच्या पलीकडे, ज्याच्या रचनेवर अवघे जग उपजीविका करते, तो भुवनोपजीव्य. राजशेखरानेही शब्दहरण व अर्थहरण यांचा विस्ताराने विचार केला आहे. उसनवारी सरसकट निषिद्ध मानण्याऐवजी तिच्या मर्यादा आखण्याकडे या ग्रंथकारांचा कल दिसतो, कारण शिकणारा आरंभी उसन्यावरच जगतो, हे त्यांना माहीत होते.

या विवेचनातून दोन कसोट्या हाती येतात. पहिली अशी, की पाठ अनुकरणाचा आधार कोणत्या क्रमाने देतो आणि कोणत्या क्रमाने काढून घेतो. दुसरी कसोटी दोषविचारातून निघते. काव्यप्रकाशाचा सातवा उल्लास संपूर्णपणे दोषांना वाहिलेला आहे आणि त्यातील उदाहरणांसाठी मम्मटाने थोर कवींनाही वगळलेले नाही. दोष ओळखावयास शिकल्याखेरीज रचना येत नाही, ही त्यामागील धारणा. तेव्हा पाठात चुकीला कोणते स्थान आहे, हे पाहणे अवश्य ठरते.

काव्याची परीक्षा सहृदय करतो आणि आज्ञावलीची यंत्र करते, तेव्हा ही तुलना अप्रस्तुत आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अर्धाच खरा आहे. यंत्राने स्वीकारलेली प्रत्येक आज्ञावली चांगली नसते. ती दुसऱ्या माणसाला वाचावी लागते, दुरुस्त करावी लागते, वर्षांनंतर तीत भर घालावी लागते. त्या वाचणाऱ्याचा निर्णय यंत्र देऊ शकत नाही. कविशिक्षेची कसोटी लावावयाची ती याच मर्यादेत.

३

या कसोट्यांवर प्रथम एक जुना नमुना पाहू. हॅरल्ड अॅबल्सन व जेरल्ड सस्मन यांनी १९८६ च्या जुलैत ह्यूलेट-पॅकर्ड या कंपनीच्या कर्मचाऱ्यांपुढे, आपल्या त्याच विषयावरील पाठ्यपुस्तकाच्या आधारे, व्याख्याने दिली. त्यांचे चित्रीकरण पुढे एमआयटीने आपल्या खुल्या अभ्यासक्रमांत सर्वांना उपलब्ध करून दिले. म्हणजे काम करणाऱ्या अभियंत्यांसाठी झालेले हे प्रशिक्षणच होते. साधन फळा आणि खडू. पहिल्याच व्याख्यानात अॅबल्सन या शास्त्राची तुलना भूमितीशी करतात: जमीन मोजण्याच्या उपकरणांशी भूमितीचे जे नाते, तेच या शास्त्राचे संगणकाशी. मग वर्गमूळ काढण्याची हेरॉनची रीत येते. एक अंदाज घ्यावा, तो पुरेसा चांगला आहे का ते पाहावे, नसल्यास सुधारावा. आज्ञावलीची अक्षरे येण्यापूर्वी विचाराची चाल श्रोत्याच्या मनात उभी राहते. येथे उसने घ्यावयाचे ते छायेपुरते. सगळी रचना उचलून नेण्याची सोय फळा फारशी देत नाही. श्रोत्याला ती घरी जाऊन स्वतःच उभी करावी लागते, आणि त्यासाठी लागणारे स्वाध्याय पुस्तकात आहेत. व्याख्यान आपण पुरेसे आहोत असा दावा करीत नाही, हा त्याचा मोठा गुण होय. त्याची उणीवही तितकीच स्पष्ट आहे. वर्गातील श्रोता प्रश्न विचारतो व उत्तर मिळवितो. दूरचा प्रेक्षक ते नुसते ऐकतो. शिवाय कलनशास्त्राशी परिचय असलेला श्रोता येथे गृहीत धरलेला आहे. तो परिचय नसलेला शिकणारा उंबरठ्यावरच अडतो.

दुसरा नमुना हार्वर्डच्या सीएस५० या अभ्यासक्रमाचा. डेव्हिड मलान २००७ पासून तो शिकवीत आले असून २०१२ पासून तो ऑनलाइन सर्वांना खुला आहे. येथील व्याख्यान नाट्यमय असते. क्रमाने लावलेल्या नावांत एखादे नाव जलद कसे शोधावे हे समजावताना मलान टेलिफोन डिरेक्टरी मधोमध फाडतात, निम्मी टाकून देतात आणि उरलेली पुन्हा फाडतात. हे दृश्य विसरणे कठीण आहे. परंतु अभ्यासक्रमाचे खरे वजन व्याख्यानात नसून आठवड्याच्या स्वाध्यायांत आहे. त्यांपैकी एक शुद्धलेखन तपासण्याचा आहे. विद्यार्थ्याला १,४३,०९१ शब्दांचा कोश दिला जातो, मुख्य आज्ञावलीही तयार दिली जाते. कोश स्मृतीत कसा साठवावा व त्यात शब्द कसा शोधावा, हे भाग मात्र रिकामे ठेवलेले असतात. क्षेमेंद्राच्या श्लोकपूरणाचाच हा प्रकार. चौकट गुरूची, पण रिकाम्या जागी जे यावयाचे ते नेमके अवघड व नेमके शिष्याचे. शेवटी विद्यार्थ्याने स्वतः निवडलेला प्रकल्प करावयाचा असतो, त्यात चौकटही त्याचीच. आधार पायरीपायरीने काढून घेण्याची इतकी विचारपूर्वक योजना फार थोड्या अभ्यासक्रमांत आढळते.

उसनवारीच्या प्रश्नालाही या अभ्यासक्रमाने थेट तोंड दिले आहे. इतरांशी चर्चा करण्यास मुभा आणि तयार उत्तर उचलण्यास मनाई, यांतील सीमारेषा त्याच्या नियमांत उदाहरणांनी आखलेली आहे. शिवाय ज्याने ती ओलांडली त्याने ७२ तासांच्या आत स्वतः येऊन सांगितल्यास प्रकरण शिस्तभंगाच्या मंडळापर्यंत न नेण्याची तरतूद २०१४ मध्ये करण्यात आली. हरणाचे प्रकार वेगळे करून पाहणाऱ्या राजशेखराला ही दृष्टी परकी वाटली नसती.

मात्र येथेही एक तफावत राहते. हार्वर्डमध्ये प्रत्यक्ष शिकणाऱ्याला मनुष्य मार्गदर्शक लाभतो. ऑनलाइन शिकणाऱ्याच्या उत्तराची परीक्षा मुख्यतः यंत्र करते. उत्तर बरोबर की चूक, हे यंत्र क्षणात सांगते. ते बेढब आहे का, वाचणाऱ्याला त्रासदायक होईल का, याविषयी ते फार थोडे बोलते. परिणामी परीक्षक यंत्राचे समाधान करणे हाच हेतू होऊन बसण्याचा धोका असतो. मम्मटाच्या सूत्रातील अभ्यास आहे, पण जाणकाराची शिकवण दूर राहिली आहे. २०२३ मध्ये या अभ्यासक्रमाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा एक साहाय्यक जोडला आणि त्याला बदकाचे रूप दिले. आपली अडचण मेजावरच्या रबरी बदकाला समजावून सांगता सांगता चूक सापडते, या आज्ञावलीकारांच्या जुन्या युक्तीवरून हे रूप घेतले आहे. तयार उत्तर न देता विद्यार्थ्याला उत्तराकडे नेणे, हे त्याचे नेमून दिलेले काम. मागताक्षणी संपूर्ण आज्ञावली लिहून देणारी साधने ज्या काळात प्रत्येकाच्या हाती आहेत, त्या काळात मदत कोठे थांबावी याचा विचार येथे झालेला दिसतो, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

४

वरील दोन्ही नमुने इंग्रजीतले आहेत. मराठीत येणारा प्रमुख नमुना म्हणजे पवईच्या आयआयटी मुंबईतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली व केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने उभा राहिलेला हा प्रकल्प खुल्या सॉफ्टवेअरचे सुमारे दहा दहा मिनिटांचे पाठ तयार करतो. संगणकाचा पडदा चित्रित केलेला असतो आणि त्यावर निवेदन असते. मूळ निवेदन इंग्रजी. ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित केले जाते, पडदा मात्र इंग्रजीच राहतो. नोकरीच्या ठिकाणी इंग्रजी पडद्याशीच गाठ पडावयाची आहे, हा त्यामागचा विचार. पाठाची संहिता नवख्या माणसाकडून तपासून घेण्याची पद्धत या प्रकल्पाने ठेवली आहे. ती आपल्या पाठ्यपुस्तक मंडळांनीही अनुसरावी अशी आहे.

या पाठांचा साचा ठरलेला असतो. आरंभी स्वागत, मग उद्दिष्टे, मग प्रात्यक्षिक, शेवटी सारांश व स्वाध्याय. शिकणाऱ्याने पाठ थांबवीत थांबवीत शेजारी तीच कृती करावी, अशी अपेक्षा असते. म्हणजे आरंभ सकलोपजीवी अनुकरणाने होतो, आणि स्वाध्यायात बहुधा दाखविलेल्या आज्ञावलीत एखादा बदल करावयाचा असतो, म्हणजे पदे पालटण्याची पायरी येते. पहिल्या दोन पायऱ्या येथे स्वच्छ बांधलेल्या आहेत. नवख्याला आरंभी सोडविलेली उदाहरणे द्यावी, हे शास्त्रालाही मान्य आहे; स्वेलर व कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या बाबतीत नुसती गणिते सोडवीत बसण्यापेक्षा सोडविलेली उदाहरणे अभ्यासणे नवख्याला अधिक फलदायी ठरते, असे दाखविले. परंतु तोच आधार पुढच्या टप्प्यावर निरुपयोगी, किंबहुना अडथळा ठरतो, हेही पुढील संशोधनातून दिसून आले. म्हणून प्रात्यक्षिकाविषयी तक्रार नाही. श्लोकपूरणाची, म्हणजे रिकामी जागा ठेवण्याची तिसरी पायरी या पाठांत क्वचितच येते, एवढेच येथे नमूद करावयाचे आहे.

चुकीच्या बाबतीत हा प्रकल्प अनेकांच्या पुढे आहे. सी भाषेच्या मालिकेत नेहमी होणाऱ्या चुका मुद्दाम करून दाखविल्या जातात. ओळीच्या शेवटचे अर्धविरामचिन्ह गाळले जाते, आज्ञावली चालविली जाते, यंत्राची तक्रार पडद्यावर येते, आणि मग दुरुस्ती होते. पण या चुकांची जात पाहावी. त्या यंत्राला स्वतःलाच ओळखता येणाऱ्या, ओळीचा क्रमांक सांगून दाखविता येणाऱ्या चुका आहेत. जिच्यात सारे काही सुरळीत चालते, यंत्र तक्रार करीत नाही आणि उत्तर तेवढे चुकीचे येते, ती चूक वेगळ्या जातीची. तिच्यापुढे अनुभवी माणूसही दिवसभर बसतो. दहा मिनिटांच्या पाठात तिला जागा नाही. शिकणाऱ्याच्या मनावर ठसते ते असे, की प्रत्येक चुकीचा उपाय पुढच्याच वाक्यात येतो.

आता भाषेकडे वळू. मराठी निवेदनात क्रिया करणारा कोण, हे ठरविताना भाषांतरकाराला असा निर्णय घ्यावा लागतो की जो इंग्रजीत घ्यावा लागत नाही. इंग्रजीतील प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ असे दोन पर्याय आहेत, आणि पाठांत स्वाभाविकपणे ‘आपण’ येते. ‘आता आपण ही ओळ लिहू’, ‘आता आपण आज्ञावली चालवून पाहू’, अशी ही भाषा. ही निवड सौजन्याची आहे. शिकणाऱ्याला ती सोबत घेते, हाताला धरून नेते. पण ओळ प्रत्यक्षात कोणी लिहिली? जो पाठ थांबवून शेजारी तीच ओळ लिहितो, त्याच्या बाबतीत ‘आपण’ खरे आहे. जो नुसता पाहत राहतो, त्याच्या बाबतीत कर्ता निवेदक आहे आणि क्रियेचे श्रेय मात्र व्याकरणाने प्रेक्षकालाही मिळाले आहे. मायकेल कार्डस व एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा येथे उल्लेख करणे अवश्य आहे. दुसऱ्याचे कौशल्य पुन्हा पुन्हा पाहिल्याने आपल्यालाही ते जमेल हा विश्वास वाढतो, प्रत्यक्ष कौशल्य मात्र त्या मानाने वाढत नाही, असे त्यांना आढळले. आणि त्या कामाचा थोडासा हातस्पर्श घडविला, तरी हा भ्रम ओसरू लागतो. त्यांचे प्रयोग आज्ञावलीवर नव्हते. तथापि ‘आपण’ या सर्वनामाने मराठी पाठात हा भ्रम अधिक सहज होण्याचा संभव आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वाक्यरचनेचाही एक मुद्दा आहे. इंग्रजी सूचनेत क्रियापद आधी येते, स्थान नंतर. मराठीत स्थान आधी येते व क्रिया शेवटी: ‘वरच्या पट्टीतील फाइल या शब्दावर क्लिक करा’. पडद्याकडे पाहणाऱ्याला मराठीचा क्रम वस्तुतः अधिक सोयीचा आहे; नजर आधी जागेवर जाते, मग हात चालतो. परंतु चित्रण इंग्रजी निवेदनाच्या वेळेशी बांधलेले असल्याने, मराठी वाक्य क्रियापदापाशी पोहोचण्यापूर्वी पडद्यावरची क्रिया होऊन जाण्याचा संभव राहतो. मराठी निवेदन आधी करून त्यावर चित्रण बेतले, तर भाषेचा हा गुण उपयोगी पडेल. भाषांतरित ध्वनी आणि मूळ मराठी पाठ यांतील अंतर अशा लहान ठिकाणी दिसते.

५

तिन्ही नमुने एकत्र पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. विषयाची मांडणी, चित्रणाची सफाई, निवेदनाचा गोडवा या बाबतींत ऑनलाइन पाठांनी मोठी मजल मारली आहे. पाठ किती लांबीचा असला म्हणजे प्रेक्षक टिकतो, याचेही संशोधन झाले आहे. फिलिप ग्वो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासून आखूड पाठांचा पक्ष घेतला. परंतु प्रेक्षक टिकणे आणि शिष्य घडणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट साधावयाची तर पाठाने कोठे तरी थांबावे लागते, एखादी जागा रिकामी ठेवावी लागते, एखादी चूक न सोडविता शिकणाऱ्याच्या स्वाधीन करावी लागते. असे थांबणे प्रेक्षकाला सुखाचे नसते, आणि जेथे मोल तारकांवरून ठरते तेथे अभ्यासक्रम रचणाऱ्याला ते परवडतही नाही. येथे सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांची जबाबदारी वाढते; प्रेक्षक गमावण्याचे भय त्यांना तितके नसावे.

क्षेमेंद्राने शिष्यांचे अल्पप्रयत्नसाध्य, कृच्छ्रसाध्य व असाध्य असे वर्ग केले होते. ऑनलाइन अभ्यासक्रम कोणालाही असाध्य म्हणत नाहीत, दार सर्वांना उघडे ठेवतात. हा त्यांचा मोठेपणा होय, आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही. पण दार उघडे ठेवले म्हणजे कृच्छ्रसाध्य शिष्याची सोय झाली असे होत नाही. ज्याला प्रयास पडतात, ज्याची इंग्रजीशी झटापट चालू आहे, ज्याच्या शेजारी विचारावयास कोणी जाणकार नाही, त्याच्यासाठी मधल्या पायऱ्या सर्वांत अधिक काळजीने बांधाव्या लागतात. आणि आज मराठीत त्याच विरळ आहेत.

या कामात भाषाविभागांना भाग घेता येईल. मराठी पाठांच्या संहिता उपलब्ध आहेत. त्यांतील ‘आपण’ कोठे खरे आहे व कोठे नाही, कोणत्या जातीच्या चुका दाखविल्या जातात, स्वाध्याय कोणत्या पायरीवर थांबतो, याची नोंद एखादा पदव्युत्तर विद्यार्थी एका सत्रात करू शकेल. संगणकशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेच पाठ देऊन, पाठ बंद केल्यावर त्यांना काय लिहिता येते, हे दुसरा पाहू शकेल. दोघांच्या नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे मराठीतील पुढचे पाठ कसे लिहावेत, याविषयी आजच्यापेक्षा अधिक विश्वासाने बोलता येईल.